शिकारीचं लायसन्स कुणाला मिळायचं? खेतवाडीत वाढलेल्या सलीम अलींच्या आयुष्यातून समजून घ्या

आज महाराष्ट्रात कुणी हौसेखातर चितळ किंवा सांबर मारलं तर गुन्हा दाखल होतो. पैसे भरून किंवा ओळख लावून त्याची परवानगी मिळत नाही. पण हे कायम असं नव्हतं. एकेकाळी हरणाच्या शिकारीचं रीतसर लायसन्स मिळायचं. कुणाला मिळणार, किती जनावरं मारता येणार, कोणत्या महिन्यात मारता येणार, हे सगळं ठरलेलं असायचं. आणि जंगलाच्या कडेला राहणारा माणूस या यादीत बहुतेक वेळा शेवटी असायचा.

हा सगळा बदल एका मुंबईकराच्या डोळ्यांदेखत झाला. तो स्वतः बंदूक चालवत मोठा झाला, पुढे पक्षी वाचवणारा माणूस म्हणून देशभर ओळखला गेला आणि उतारवयात एका बंदीच्या वादातही सापडला. ते म्हणजे डॉ. सलीम अली.

खेतवाडीतलं घर आणि एअरगन

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. ते भावंडांमध्ये सगळ्यात धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. मग मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना वाढवलं. घर गिरगावाजवळच्या खेतवाडीत. आज गणपतीत ज्या गल्ल्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तोच हा भाग.

मामांना शिकारीचा नाद होता. त्यामुळे भाच्याच्या हातात लहानपणीच एअरगन आली आणि तो चिमण्या टिपू लागला. एक दिवस त्याने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. ही कोणती चिमणी, ते मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे, म्हणजे बीएनएचएसकडे पाठवलं. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्पेच्या कप्पे या मुलासमोर उघडले. सलीम अलींच्या आयुष्याला वळण मिळालं ते इथे.

ही सोसायटी १८८३ मध्ये भायखळ्याच्या म्युझियममध्ये स्थापन झाली. आठ संस्थापकांपैकी दोघेच भारतीय होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पुढच्या काळात सोसायटीत गोऱ्या अधिकाऱ्यांचा आणि शिकाऱ्यांचा मोठा भरणा होता. तिच्या जर्नलमध्ये शिकारीच्या हकिकती आणि प्राण्यांच्या शास्त्रीय नोंदी शेजारी शेजारी छापून यायच्या. त्या काळी जंगलातला प्राणी जवळून बघायला मिळायचा तो मुख्यतः बंदूकवाल्यालाच.

पण बंदूक कुणाकडे असायची?

१८७८ च्या शस्त्र कायद्यानुसार भारतीय माणसाला बंदूक ठेवायला परवाना लागायचा. युरोपियनांना मात्र अनेक वर्षं यातून सूट होती. त्याच वर्षी आलेल्या वन कायद्याने राखीव जंगलं ठरवली गेली आणि तिथे परवानगीशिवाय शिकार करणं गुन्हा झाला.

पुढे वनखात्याने जंगलाचे भाग पाडले. त्यांना शूटिंग ब्लॉक म्हणत. फी भरून ठरावीक दिवसांसाठी ब्लॉक घ्यायचा आणि ठरवून दिलेल्या संख्येत जनावरं मारायची, अशी ती पद्धत. १९१२ च्या कायद्याने काही पक्षी-प्राण्यांच्या विणीच्या काळात शिकार बंद ठेवण्याची तरतूद केली. संस्थानांमध्ये तर राजाचा शब्द हाच नियम. तिथल्या राखीव रानात राजा आणि त्याचे पाहुणे शिकार करणार, आणि गावकरी हाका घालणार.

म्हणजे ज्याच्या शेतात सांबर रात्री येऊन पीक खाऊन जायचं, त्याच्यासाठी तेच सांबर मारणं चोरी होती. शहरातून फी भरून आलेल्या पाहुण्यासाठी मात्र तो खेळ होता. काही शेतकऱ्यांना पीकरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळत, पण ते मिळणंही साहेबाच्या मर्जीवर होतं.

नोकरी गेली आणि किहीम मिळालं

सलीम अलींचं कॉलेजशिक्षण धड पार पडलं नाही. ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यासाठी गेले आणि १९१७ मध्ये मुंबईला परतले. मग दावर्स कॉलेजात व्यापाराचे धडे आणि सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या मार्गदर्शनाखाली प्राणिशास्त्र, असं दोन्ही चाललं. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं. पदवी नसल्यामुळे झूलॉजिकल सर्व्हेमधली नोकरी हुकली.

१९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात, गाईड लेक्चररची नोकरी लागली. तिथून रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन स्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परत आले तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली.

मग हे जोडपं अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेलं. तिथे सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांचं निरीक्षण केलं. नर एकापेक्षा जास्त घरटी बांधतो आणि मादी पसंत करेल तसा संसार वाढवतो, हे त्यांनी बारकाईने नोंदवलं. त्यासाठी एकही पक्षी मारावा लागला नाही.

पुढे हैदराबाद, त्रावणकोर अशा संस्थानांच्या मदतीने त्यांनी पक्ष्यांच्या पाहण्या केल्या. त्या कामात मात्र नमुन्यांसाठी पक्षी मारावे लागत आणि ते मारत. हे त्यांनी कधी लपवलं नाही. १९३९ मध्ये तेहमिना गेल्या. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं आणि पक्षी बघणं हा बंदूक नसलेल्या माणसाचाही छंद झाला.

भरतपूरच्या दगडावरचे आकडे

राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव घना तळ्याकाठी एक शिलालेख आहे. तिथे झालेल्या बदकांच्या शिकारींचे आकडे त्यावर कोरलेत. सगळ्यात मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा. व्हाइसरॉय लिनलिथगो पाहुणे होते आणि एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. योगायोग असा की त्याच दिवशी सलीम अली ४२ वर्षांचे झाले होते.

स्वातंत्र्यानंतर या तळ्याची जमीन शेतीसाठी मोकळी करावी, अशी मागणी पुढे आली. सलीम अलींनी थेट पंतप्रधान नेहरूंपर्यंत विषय नेला आणि तळं वाचलं. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत टिकून होता. राज्य गेलं तरी बंदूक राहिली.

लायसन्स ठेवलं, मग काढून टाकलं

दरम्यान मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला. तो घडवण्यात बीएनएचएसचे हुमायून अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता. तेही सलीम अलींचे नातेवाईक आणि स्वतः शिकारी.

मग १९७२ चा केंद्रीय कायदा आला. त्यात प्राण्यांच्या याद्या केल्या होत्या. पहिल्या यादीतल्या प्राण्यांना पूर्ण संरक्षण होतं. चितळ, सांबर, भेकर हे 'बिग गेम'च्या यादीत होते. म्हणजे लायसन्स काढून त्यांची शिकार कायदेशीरपणे करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने ही लायसन्सची व्यवस्थाच बंद केली. ते बघायला सलीम अली नव्हते, १९८७ मध्ये ते गेले होते.

शिकार चालू असलेल्या देशांमध्ये आजही भांडण होतं ते स्थानिक आणि बाहेरचा यावरून. अमेरिकेत हरणाचं लायसन्स राज्याच्या रहिवाशाला स्वस्त आणि बाहेरच्याला महाग असतं. मोंटाना राज्यात १९७६ मध्ये एल्क या मोठ्या हरणासाठी रहिवाशाला ९ डॉलर पुरत होते. बाहेरच्याला मात्र २२५ डॉलरचं एकत्रित लायसन्सच घ्यावं लागे. हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७८ मध्ये कोर्टाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. जंगलं आणि जनावरं सांभाळण्याचा भार रहिवासी उचलतात, म्हणून त्यांना सवलत देण्यात गैर नाही, असा त्यामागचा युक्तिवाद.

आपल्या कायद्यातही एका ठिकाणी रहिवाशांचा असा हक्क मान्य केलाय. निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क कलम ६५ ने शाबूत ठेवले. बाकी देशात मात्र सगळ्यांना एकच बंदी.

म्हशींना बंदी

सगळ्यांना एकच नियम म्हणजे न्याय, असं वरवर वाटतं. भरतपूरने वेगळं काही दाखवलं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केवलादेवला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि आत गुरं चारायला बंदी आली. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यानपिढ्या तिथे चरत होत्या. तळं राखायचं तर गुरं बाहेर हवीत, असं सलीम अलींचंही मत होतं आणि त्यांच्या शब्दाला दिल्लीत वजन होतं. नोव्हेंबर १९८२ मध्ये गावकऱ्यांनी विरोध केला. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकऱ्यांचे जीव गेले.

ज्या तळ्यावर व्हाइसरॉयला हजारो पक्षी मारू दिले गेले, त्याच तळ्यावर म्हैस चारायला नेली म्हणून माणसं मेली. कागदावर नियम सगळ्यांना सारखा होता. पण महाराजांचं त्यात काहीच गेलं नाही, ते शिकार करून मोकळे झाले होते. गेलं ते शेजारच्या गावांचं.

पुढचा भाग आणखी महत्त्वाचा आहे. बीएनएचएसनेच भरतपूरमध्ये साधारण दहा वर्षं अभ्यास केला होता. त्यातून कळलं की म्हशी गेल्यावर पाण्यातलं गवत बेसुमार माजलं, मोकळं पाणी कमी झालं आणि अनेक पाणपक्षी घटले. म्हणजे म्हशी तळ्याचं नुकसान करत नव्हत्या, उलट ते मोकळं ठेवत होत्या. नंतर गावकऱ्यांना आत जाऊन गवत कापून न्यायला पास देण्यात आले.

याने सलीम अलींचं काम लहान होत नाही. पद्मभूषण, पद्मविभूषण आणि राज्यसभा हे सगळं त्यांना मिळालं. गेटी पुरस्कार मिळाला तेव्हा त्याची रक्कम त्यांनी सोसायटीच्या कामासाठी दिली. डिलन रिप्ली यांच्यासोबत लिहिलेले दहा खंड आजही अभ्यासक उघडतात.

पण त्यांनी मागे ठेवलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सवय. आधी नीट बघायचं, नोंद करायची आणि मगच बोलायचं. याच सवयीने त्यांच्या संस्थेने त्यांच्या स्वतःच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष जगासमोर ठेवला. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाबद्दल नियम करताना तीच सवय लागते. आज विदर्भात किंवा कोकणात रानडुक्कर आणि हरणांनी पीक खाल्लं म्हणून नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन शेतकरी वनखात्याच्या दारात उभा असतो, तेव्हा त्याचं शेत आधी जाऊन बघायला हवं.