पवनारचा पूल आणि ४० किलोंचे विनोबा

१९३८ च्या सुरुवातीला विनोबा भाव्यांचे वजन ८८ पौंडांवर, म्हणजे जेमतेम ४० किलोंवर आले होते. वय अवघे ४२. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा १९१६ मध्ये घर सोडून गांधीजींकडे गेले आणि पुढे कातणे, विणणे, शिकवणे यांत त्यांनी शरीराकडे पाहिलेच नाही. गांधीजींनी त्यांना हवापालटासाठी थंड हवेच्या ठिकाणी जायला सुचवले. विनोबांनी वर्ध्याजवळचेच पवनार निवडले. तिथे धाम नदीकाठी जमनालाल बजाज यांचा बंगला होता. गांधीजींची अट एकच, सगळ्या चिंता मागे सोडायच्या. ७ मार्चला मोटार नदीच्या पुलावर आली तेव्हा विनोबांनी तसा संकल्प केला आणि पुलापलीकडे कामाचा विचारही नेला नाही.

औषध होते कुदळीचे. पहिल्या दिवशी पाच मिनिटे खणायचे, रोज थोडे वाढवायचे, मध्ये विसावा घ्यायचा. असे करत ते दोन तासांवर पोहोचले. समोर नदी, वर मोकळे आकाश. वजन १२८ पौंड झाले. त्यांना नैराश्याचा आजार होता असे म्हणता येणार नाही, पण मनावरचे ओझे उतरवण्यापासून झालेली सुरुवात आजच्या कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाला पटेल.

फुलपाड्यातला डायलिसिसचा रुग्ण मात्र आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास छताकडे बघत पडून असतो. पापडखिंडीचे पाणी घराजवळ असून त्याला दिसत नाही. दीर्घ आजारात असे कोंडलेले मन खचते. अशांसाठी आता व्हीआर हेडसेट आले आहेत. डोळ्यांवर चढवले की चोहीकडे जंगल, समुद्र. वेदना आणि चिंता तेवढ्यापुरती हलकी होते, नैराश्यावरच्या टिकाऊ परिणामाचा पुरावा अजून तोकडा आहे. काहींना गरगरते, फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावा आणि चालू गोळ्या कोणीही बंद करू नयेत. खाटेवरून उठताच येत नाही त्याला हेडसेट जरूर द्यावा. पण पाच मिनिटे चालू शकणाऱ्याला तलावाकाठी न नेता यंत्र देणे म्हणजे विनोबांच्या हातात कुदळीऐवजी नदीचा फोटो देणे.

विनोबा पूर्ण निरोगी कधीच झाले नाहीत. पोटातला अल्सर आणि मलेरिया यांनी पिच्छा सोडला नाही. तरी १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत भूदान सुरू झाले आणि पंचावन्न वर्षांचा हा माणूस पुढची तेरा वर्षे गावोगाव चालत राहिला. पुढे ते पवनारला परतले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, त्याच नदीकाठी, ते गेले.