मणिभाई देसाई

मणिभाई भीमभाई देसाई (१९२० - १९९३) हे महात्मा गांधींचे अनुयायी, ग्रामविकासाचे कार्यकर्ते आणि 'बाएफ' या संस्थेचे संस्थापक होते. त्यांचा जन्म गुजरातमधील सुरत जिल्ह्यात झाला. कर्मभूमी मात्र पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन.

विज्ञानाचे शिक्षण घेतलेले मणिभाई १९४२च्या चळवळीत उतरले व पुढे गांधीजींच्या सहवासात आले. मार्च १९४६मध्ये गांधीजींनी उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला. काही दिवसांनी ते परतले. आश्रमाची जबाबदारी मणिभाईंकडे आली आणि आयुष्यभर तेथेच राहण्याचे व्रत त्यांनी अखेरपर्यंत पाळले.

== गोसंवर्धन ==
आश्रमात त्यांनी गीर गाईंचा कळप जोपासला. गावच्या गाई मात्र इतके कमी दूध देत की त्यांचा चारासुद्धा मालकाला परवडत नसे. १९६७मध्ये मणिभाईंनी बाएफची (तेव्हाचे नाव भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन) स्थापना केली. होल्स्टीन फ्रिजियन व जर्सी वळूंचे वीर्य उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायचे आणि कृत्रिम रेतनाची सेवा थेट शेतकऱ्याच्या गोठ्यात पोहोचवायची, अशी ही पद्धत होती. गाय दवाखान्यापर्यंत चालवत नेण्यात माजाची वेळ टळते, ही साधी अडचण तिने दूर केली.

या संकरावर टीकाही झाली आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. संकरित बैल उन्हात लवकर थकतो, आणि देशी जातींची शुद्धता टिकवण्याचा प्रश्नही उरतोच. दुधाच्या पैशावर घर चालवणाऱ्या अल्पभूधारकाचा हिशेब मात्र वेगळा होता.

== अन्य कार्य व सन्मान ==
१९८२मध्ये गुजरातमधील वांसदा येथे आदिवासी कुटुंबांसाठी फळबागांचा 'वाडी' कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) जव्हार भागातही आला. मणिभाईंना १९६८मध्ये पद्मश्री व १९८२मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

== मृत्यूनंतर ==
दूध हा गुण एका जनुकावर नव्हे, तर अनेक जनुकांच्या लहान लहान प्रभावांवर ठरतो. वळू स्वतः दूध देत नाही. त्यामुळे पूर्वी त्याची पारख त्याच्या मुली दुभत्या झाल्यावरच होई आणि त्यात कित्येक वर्षे जात. आता डीएनएवरील खुणा व दुधाच्या नोंदी जुळवून वासराच्या वयातच अंदाज बांधता येतो. त्यासाठी गोठ्यागोठ्यातील नोंदी लागतात. बाएफच्या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांसह लहान शेतकऱ्यांच्या संकरित गाईंचा असा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध केला.

<!-- -->