ॲडम स्मिथ आणि शाळेची मक्तेदारी

सरकारी शाळा म्हणजे पैशाचा अपव्यय करणारी आणि सुधारणेला दाद न देणारी मक्तेदारी होय, असे म्हणणारे ॲडम स्मिथला आपला आद्य आचार्य मानतात. तो मान त्याला कितपत शोभतो, हे त्याच्या ग्रंथाप्रमाणेच त्याच्या चरित्रावरूनही ताडून पाहता येते.

स्कॉटलंडमधील कर्कॉडी गावी १७२३ साली जन्मलेला स्मिथ गावच्या सार्वजनिक शाळेत शिकला आणि पुढे ग्लासगो विद्यापीठात गेला. १७४० साली शिष्यवृत्तीवर तो ऑक्सफर्डच्या बेलिओल महाविद्यालयात दाखल झाला. तेथील अध्यापकांचे वेतन जुन्या देणग्यांतून परस्पर मिळे. त्यामुळे बहुतेकांनी शिकविण्याचे सोंगदेखील सोडून दिले होते. सहा वर्षे स्मिथ ग्रंथालयातच स्वतःच्या बळावर शिकला.

१७५१ साली तो ग्लासगोला प्राध्यापक झाला. तेथे उत्पन्नाचा मोठा भाग विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येत असे. १७६४ साली सत्राच्या मध्येच नोकरी सोडताना त्याने ते शुल्क परत करू केले. विद्यार्थी घेईनात, तेव्हा त्याने ते आग्रहाने घ्यावयास लावले.

१७७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये या अनुभवाचे शास्त्र झाले. सर्वांत श्रीमंत विद्यापीठेच सुधारणा स्वीकारण्यात सर्वांत मागे राहतात, असे त्याने दाखविले. अध्यापकांच्या हाती कारभार असला तर ते एकमेकांच्या कुचराईकडे काणाडोळा करतात. बाहेरचा अधिकारी नेमला तर तो तासांची संख्या भरून घेऊ शकतो, शिकविणे नव्हे. येथवरचा स्मिथ टीकाकारांना पाठ असतो.

परंतु त्याच ग्रंथात तो पुढे वेगळ्याच प्रश्नाकडे वळतो. श्रमविभागणीमुळे एकच क्रिया जन्मभर करणाऱ्या कामगाराची बुद्धी बोथट होते आणि त्याची मुले हाताशी येताच कामाला जुंपली जातात. त्यांच्यासाठी बाजार शाळा काढणार नाही. ते शासनाचे कर्तव्य आहे. त्याच्यापुढे आदर्श होता तो स्कॉटलंडमधील गावशाळांचा. १६९६ च्या कायद्याने तेथे शाळा आणि शिक्षकाचे वेतन यांचा भार जमीनदारांवर टाकला होता. शुल्क मजुरालाही झेपेल इतके अल्प असावे आणि शिक्षकाचे वेतन अंशतः सार्वजनिक निधीतून यावे, संपूर्णतः नव्हे, अशी स्मिथची योजना होती. व्यवसायात प्रवेश करण्यापूर्वी परीक्षेची सक्तीही त्याला मान्य होती.

१७७८ साली तो स्वतः ठरावीक पगारावर एडिंबरोत जकात आयुक्त झाला आणि १७९० मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम त्याने कसोशीने केले. निश्चित वेतनाने आळस येतोच असे नाही, याचा हा पुरावा त्याच्याच आयुष्यात आहे.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळांतील प्राथमिक शिक्षण मोफत केले. स्मिथचा शुल्काचा उपाय तेथे उरला नाही आणि तो परत आणणे गरिबांवर अन्यायाचे ठरेल. तथापि, त्याचे निदान त्यामुळे खोटे ठरत नाही. श्रीमंताचा मुलगा ऑक्सफर्ड सोडू शकत होता. मजुराच्या मुलाला गावात एकच शाळा होती. अशा पालकांपुढे आजही दुसरा पर्याय नसतो. म्हणून शिक्षकाला जाब विचारण्याचे बळ त्यांना अन्य मार्गाने मिळाले पाहिजे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या समित्या कागदावरच राहिल्या तर मक्तेदारीचा आरोप खोडून काढणे कठीण जाईल. आणि त्या आरोपाचा आधार घेऊन शाळाच बंद केली, तर स्मिथला ज्या मुलाची चिंता होती तोच वाऱ्यावर पडेल.