विश्लेषण : कत्तलखान्यांच्या नियमांमागे एक भरतनाट्यम् नृत्यांगना! कोण होत्या रुक्मिणीदेवी अरुंडेल?

कत्तलखान्यात एका जनावराच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याची कत्तल करता येत नाही. गाभण जनावर किंवा तीन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू कापता येत नाही. पशुवैद्यकाने तपासणी घाईत उरकू नये म्हणून त्याला तासाला १२ आणि दिवसाला ९६ जनावरांची मर्यादा आहे. हे नियम २००१ मध्ये लागू झाले. त्यांचा आधार मात्र १९६० चा ‘प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा’ आहे आणि त्या कायद्याची सुरुवात राज्यसभेतल्या एका खासगी विधेयकापासून झाली. ते विधेयक मांडणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल स्वतः शाकाहारी होत्या.

नृत्यांगना संसदेत कशा पोहोचल्या?

रुक्मिणीदेवींचा जन्म २९ फेब्रुवारी १९०४ रोजी मदुराईत झाला. वडील नीलकंठ शास्त्री थिऑसॉफिकल सोसायटीशी जोडलेले होते. १९२० मध्ये, अवघ्या सोळाव्या वर्षी, त्यांनी वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या जॉर्ज अरुंडेल या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाशी लग्न केले आणि मद्रासमध्ये गदारोळ उडाला.

पुढे त्या देवदासींच्या परंपरेतले ‘सदिर’ नृत्य शिकल्या. ब्राह्मण घरातल्या स्त्रीने हे नृत्य मंचावर करावे, ही कल्पनाच तेव्हा अनेकांना मान्य नव्हती. तरीही १९३५ मध्ये त्यांनी अड्यार येथे जाहीर कार्यक्रम केला आणि १९३६ मध्ये ‘कलाक्षेत्र’ची स्थापना केली. एप्रिल १९५२ मध्ये नव्याने अस्तित्वात आलेल्या राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली.

आधी कायदा नव्हता का?

होता. मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था १८७४ पासून होती, तर ब्रिटिश सरकारने १८९० मध्ये याविषयी कायदाही केला होता. पण तो पाळीव किंवा पकडून ठेवलेल्या प्राण्यांपुरताच होता. शिवाय प्रांतिक सरकार ज्या भागात लागू करील, त्याच भागात तो चाले. देशभर सगळीकडे लागू होणारा कायदा नव्हता.

विधेयक मागे का घेतले?

रुक्मिणीदेवींनी १९५३ मध्ये राज्यसभेत खासगी विधेयक मांडले. १९५४ मध्ये त्यावरील चर्चेत पंतप्रधान जवाहरलाल नेहरू बोलले. विधेयकामागचा हेतू त्यांना मान्य होता. सरकारच सर्वंकष कायदा आणेल, असे आश्वासन त्यांनी दिल्यावर रुक्मिणीदेवींनी विधेयक मागे घेतले. सरकारने समिती नेमली, पण कायदा व्हायला १९६० चा डिसेंबर उजाडला. दरम्यानच्या काळात १९५६ मध्ये त्यांची राज्यसभेवर पुन्हा नियुक्ती झाली होती.

कायद्यात कत्तलखान्यांबद्दल काय आहे?

या कायद्याने कत्तलीवर बंदी घातली नाही. अन्नासाठी प्राणी मारणे गुन्हा नाही, मात्र त्याला अनावश्यक वेदना दिल्या तर तो गुन्हा ठरतो. धर्माने सांगितलेल्या पद्धतीने प्राणी मारण्यालाही कलम २८ नुसार सूट आहे. कोणत्या जनावराची कत्तल करता येते, हे राज्यांचे कायदे ठरवतात. ती कशी करावी आणि त्याआधी जनावराला कसे वागवावे, हा या केंद्रीय कायद्याचा विषय आहे. जनावरे गाडीत कोंबून नेणे हाही त्यात गुन्हा आहे.

याच कायद्यानुसार १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले आणि रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. कत्तलखान्याची रचना व देखभाल कशी असावी, याचा सल्ला सरकारला देणे हे मंडळाच्या कामांपैकी एक आहे. कत्तलीपूर्वी जनावराला शारीरिकच नव्हे, तर मानसिक त्रासही शक्यतो होऊ नये, असे कायदा सांगतो. जनावराला भीती वाटते, हे कायद्याने मान्य केले. कत्तलीची जागा इतर जनावरांच्या नजरेआड असावी, हा २००१ चा नियम त्याच विचाराला धरून आहे.

राष्ट्रपतीपद का मिळाले नाही?

१९७७ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी त्यांना राष्ट्रपतीपदाच्या उमेदवारीबद्दल विचारले होते. त्यांनी नकार दिला. कलाक्षेत्र आणि प्राणीकल्याण ही दोन्ही कामे त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाहीत. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. कत्तलखान्यांचे नियम त्यानंतर पंधरा वर्षांनी आले.

मग आज अडचण काय?

अडचण दंडाची आहे. १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला कमाल ५० रुपये दंड ठेवला होता. तीन वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला, तर कमाल १०० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. १९६० मध्ये ५० रुपये ही बऱ्यापैकी मोठी रक्कम होती. पुढे महागाई वाढत गेली, पण कलम ११ मधले हे कमाल आकडे तसेच राहिले. ट्रकभर जनावरे दाटीवाटीने नेणाऱ्याला किंवा नियम मोडणाऱ्या कत्तलखान्याला ५० रुपयांचा धाक वाटणार नाही.

देवनार असो की एखाद्या नगरपालिकेचा छोटा कत्तलखाना, तिथे जनावराला कसे वागवायचे हे ठरवणारा कायदा देशाला मिळाला, त्यामागे रुक्मिणीदेवींचे प्रयत्न होते. त्याला वचक मिळवून देण्याचे काम मात्र संसदेचे आहे.