कॉर्नेलिया सोराबजी : सनदेसाठी तीस वर्षं थांबलेली वकील



नववीच्या वर्गात 'मी कोण होणार?' हा निबंध दिला होता. डॉक्टर, पोलीस, कलेक्टर ही नेहमीची उत्तरं आलीच. एका मुलीनं मात्र वकील होणार असं लिहिलं. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. आपल्या सोलापुरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. पालकसभेला वडील आले तेव्हा मी कौतुकानं ती वही त्यांना दाखवली. त्यांनी वाचली, हसले आणि म्हणाले की बाई, कोर्टकचेरी हे काय पोरींचं काम आहे का? शिवाय त्याला पैसे किती लागतात, कुणाची ओळख लागते, आम्हाला काय माहीत?

माणूस वाईट नव्हता हो. मुलीच्या काळजीनंच बोलत होता. पण मला पटकन उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर वाटलं, याचं उत्तर भाषणानं देता येणार नाही, एका बाईच्या आयुष्यानंच देता येईल. ती बाई म्हणजे कॉर्नेलिया सोराबजी. हा पाठ तिच्यावर.

नाशिक, बेळगाव, पुणे

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा, नाशिकचा. वडील सोराबजी खरसेटजी हे मूळचे पारशी, पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारून धर्मोपदेशक झालेले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढल्या. बालपण आधी बेळगावात आणि मग पुण्यात गेलं. घरात बहिणी बऱ्याच, आणि मुलींनी शिकायचं की नाही हा प्रश्न त्या घरात कधी पडलाच नाही.

आईकडे आसपासच्या बायका सल्ला विचारायला येत. कुणाची वाटणी अडलेली, कुणाचं घर दिराच्या ताब्यात गेलेलं. या बायकांना कायदा माहीत नसायचा. ज्यांना माहीत असायचा ते सगळे पुरुष. पडद्यातल्या बाईनं परक्या पुरुषासमोर जाऊन आपलं गाऱ्हाणं मांडायचं तरी कसं? ही अडचण त्या लहानपणापासून पाहत होत्या. वकील व्हायचं बीज पडलं ते इथं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या. पुरुष विद्यार्थ्यांच्या वर्गात बसून परीक्षेत पहिल्या आल्या, आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. अशा निकालावर इंग्लंडला शिकायला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. त्यांना मिळाली नाही. कारण एकच, ती पुरुषांसाठी होती.

इथं वर्गात जरा थांबा. मुलांना विचारा, त्यांच्या गुणांत काय कमी होतं?

ऑक्सफर्डची परीक्षा

त्या रडत बसल्या नाहीत. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी मुलांना इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. म्हणजे बघा, त्या आपल्याच व्यवसायातल्या. इंग्लंडमधल्या काही मंडळींनी त्यांच्यासाठी वर्गणी जमवली. देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचंही नाव आहे. त्या पैशावर १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या.

तिथं कायदा शिकणारी स्त्री कुणी पाहिलीच नव्हती. पुरुषांबरोबर परीक्षेला बसू द्यावं यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. १८९२ मध्ये त्या कायद्याची बी.सी.एल. ही अवघड परीक्षा पास झाल्या. पण पदवी? ती नाही. ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवी देतच नव्हतं. ती दारं उघडली १९२० मध्ये आणि कॉर्नेलियाबाईंच्या हातात पदवी पडली १९२२ मध्ये. परीक्षेनंतर तीस वर्षांनी!

सनद म्हणजे काय?

पुढचं समजायला आधी सनद समजली पाहिजे. कायद्याचं शिक्षण आणि वकिली करण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदवी विद्यापीठ देतं. परवानगी वेगळी घ्यावी लागते, तिलाच आपण सनद म्हणतो.

इंग्रजी अमलात सगळे वकील एका माळेचे नव्हते. विलायतेत शिकून आलेले बॅरिस्टर वरच्या पायरीवर. त्यांच्याखाली उच्च न्यायालयाचे वकील, मग खालच्या कोर्टांतले प्लीडर आणि मुखत्यार. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टनं या लोकांची परीक्षा, नोंदणी आणि शिस्त यांचे नियम ठरवले होते. कुणाला यादीत घ्यायचं ते उच्च न्यायालय पाहायचं. यादीत नाव नसेल तर कितीही शिका, कोर्टात उभं राहता येत नाही.

ही पद्धत मुळात चुकीची नाही बरं का. आपण आपलं घर, जमीन, कधी कधी आपला जीवसुद्धा वकिलाच्या हाती सोपवतो. तो शिकलेला आहे, चुकला तर त्याला जाब विचारणारं कुणी आहे, ही खात्री हवीच. पण दाराशी राखणदार बसवला की एक धोका असतो. तो लायकी तपासायच्या ऐवजी माणूस तपासायला लागतो. कॉर्नेलियाबाईंच्या बाबतीत हेच झालं.

परीक्षा पास, तरी बाहेर

हिंदुस्थानात परत आल्यावर संस्थानांतल्या पडदानशीन स्त्रियांची कामं त्या पाहू लागल्या. अर्ज, सल्ला, कागदपत्रं हे सगळं चाले, कोर्टातली वकिली तेवढी चालत नसे. त्यातही त्यांनी एक फट शोधली. त्या वेळच्या फौजदारी कार्यपद्धतीत, कोर्टाची परवानगी असेल तर आरोपीच्या वतीनं वकील नसलेली व्यक्तीही उभी राहू शकत होती. त्या आधारानं १८९६ मध्ये पुण्यात एका खुनाच्या खटल्यात त्या आरोपीच्या बाजूनं उभ्या राहिल्या. ब्रिटिश न्यायाधीशासमोर बाजू मांडणारी ही पहिली स्त्री. पण एका खटल्याची परवानगी म्हणजे सनद नव्हे. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा दाराबाहेरच.

मग त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल्‌एल.बी. केली, १८९७ मध्ये. अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही दिली आणि १८९९ मध्ये पास झाल्या. तरी नोंदणी नाही. एक परीक्षा झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. अडचण परीक्षेत नव्हतीच, ती त्यांच्या बाई असण्यात होती.

पण आईकडे येणाऱ्या बायकांना त्या विसरल्या नव्हत्या. वकील म्हणून नाही तर नाही, दुसऱ्या वाटेनं मदत करू, असं त्यांनी ठरवलं. कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स म्हणजे विधवा आणि अल्पवयीन वारसांच्या इस्टेटी सांभाळणारं सरकारी खातं. त्यात स्त्रियांसाठी स्त्री सल्लागार हवी म्हणून त्यांनी सरकारकडे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९०४ मध्ये बंगालमध्ये त्यांची नेमणूक झाली. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम असा प्रदेश. पालखी, होडी, रेल्वे, मिळेल त्या साधनानं त्या जात आणि जनानखान्यात बसून बायकांचं म्हणणं ऐकून घेत. सुमारे ६०० स्त्रिया आणि मुलांना त्यांनी मदत केली असं सांगितलं जातं. १९०९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंदचं सुवर्णपदक मिळालं. पदक मिळालं, सनद मात्र नाही!

'व्यक्ती' कोण?

भाषा शिकवणाऱ्यांनी हा भाग जरूर घ्यावा. १९१६ मध्ये रेजिना गुहा या कायदा शिकलेल्या तरुणीनं कलकत्त्याला नोंदणीसाठी अर्ज केला. कायद्यात शब्द होता 'पर्सन', म्हणजे व्यक्ती. बाई ही व्यक्ती आहे की नाही? शिवाय पुल्लिंगी शब्दात स्त्रीही धरावी, असं कायद्याचा अर्थ लावण्याचा सर्वसाधारण नियमच सांगत होता. तरीही उच्च न्यायालयानं अर्ज फेटाळला. कायदा करणाऱ्यांच्या मनात स्त्रिया नव्हत्याच, असा एकूण सूर होता. पुढे १९२१ मध्ये पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांच्याही वाट्याला नकारच आला.

गंमत बघा, मराठीत 'व्यक्ती' हा शब्दच स्त्रीलिंगी आहे. आपण 'ती व्यक्ती' म्हणतो, मग ती व्यक्ती पुरुष का असेना. व्याकरणाच्या तासाला लिंगविचार शिकवताना हे उदाहरण सांगा. एका शब्दाच्या अर्थावर कुणाचं आयुष्य अडू शकतं, हे मुलं विसरणार नाहीत.

दार उघडलं

त्याच १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं मात्र वेगळा निर्णय घेतला आणि कॉर्नेलियाबाईंची वकील म्हणून नोंदणी केली. एका न्यायालयात होकार, दुसऱ्यात नकार, असं किती दिवस चालणार? अखेर १९२३ मध्ये लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) ॲक्ट हा कायदा झाला. केवळ स्त्री आहे म्हणून कुणालाही वकिलीपासून दूर ठेवता येणार नाही, हे त्यानं देशभरासाठी स्पष्ट केलं. लवकरच मुंबई उच्च न्यायालयात मिठान टाटा, म्हणजे नंतरच्या मिठान लाम, या पहिल्या महिला वकील म्हणून काम करू लागल्या.

कॉर्नेलियाबाई १९२४ पासून कलकत्त्यात वकिली करू लागल्या, तेव्हा त्यांचं वय ५७ च्या पुढं होतं. ज्या वयात आपण निवृत्तीचा हिशेब मांडतो, त्या वयात त्यांची सुरुवात. आणि दार उघडलं म्हणून आतली माणसं लगेच बदलत नाहीत. पुरुष वकिलांच्या त्या जगात त्यांना कोर्टात युक्तिवादाची संधी फार मिळाली नाही, लेखी मतं देण्याचंच काम जास्त आलं. १९२९ मध्ये त्या निवृत्त होऊन लंडनला गेल्या आणि ६ जुलै १९५४ रोजी तिथंच त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. राजकारणात त्या इंग्रजी राज्याच्या बाजूच्या होत्या, गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. त्यामुळेच कदाचित आपल्या पाठ्यपुस्तकांत त्या फारशा भेटत नाहीत. ज्या सोलापूरनं १९३० चा मार्शल लॉ सोसला, त्या गावात राहून मलाही त्यांचं हे मत पटत नाही. पण मत न पटणं वेगळं आणि केलेलं काम नाकारणं वेगळं. थोर माणसांना देव्हाऱ्यात बसवण्यापेक्षा त्यांना पूर्ण ओळखावं, हेही शिकवायला हवं.

आणि आज?

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येते. १९६१ च्या ॲडव्होकेट्‌स ॲक्टनं जुन्या पायऱ्या मोडून ॲडव्होकेट हा एकच वर्ग केला. बार कौन्सिल ऑफ इंडिया देशपातळीवर नियम आणि शिक्षणाचा दर्जा ठरवते. नोंदणी राज्याची बार कौन्सिल करते, आपल्यासाठी ती महाराष्ट्र आणि गोवा यांची एकत्र आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करायचा. त्यासाठी आपल्याकडे सीईटी असते. वय २१ पूर्ण हवं. मग नोंदणी करून सनद घ्यायची आणि अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायची. वकिलानं गैरवर्तन केलं तर बार कौन्सिलची शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, सनद काही काळ थांबवू शकते किंवा नावच काढून टाकू शकते.

आणि पैसे? नोंदणीसाठी अनेक राज्यांत हजारो रुपये घेतले जात होते. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायद्यात लिहिलंय त्याहून जास्त शुल्क घेता येणार नाही, म्हणजे सर्वसाधारण उमेदवारांना ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये. शिक्षणाचा खर्च वेगळा आहे, तो नाही असं मी म्हणणार नाही. पण सनदेच्या दाराशी गरिबाला अडवायचं नाही, एवढं तरी पक्कं झालं. कायद्याचं कॉलेज सोलापुरातच आहे. जिल्हा न्यायालय शहरातच. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालंय आणि आपला जिल्हा त्यात येतो. मुंबईचं अंतरही कमी झालं म्हणायचं.

हे सगळं मी एका कागदावर लिहून त्या मुलीच्या वहीत ठेवून दिलं. तिच्या वडिलांनी ते वाचलं. अजून ते हो म्हणालेले नाहीत. पण परवा शाळेच्या फाटकाजवळ भेटले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की बारावीला कोणती शाखा घ्यावी लागते? मी म्हटलं, कोणतीही चालते. ते मान हलवून सायकलवर बसले.

वर्गात घेण्यासाठी

१. कॉर्नेलिया सोराबजी यांनी दिलेल्या परीक्षा आणि त्यांना मिळालेले नकार वर्षांनुसार एका रेषेवर मांडा.
२. परवाना लागतो असे पाच व्यवसाय शोधा. प्रत्येकाला परवाना का लागतो ते एका वाक्यात लिहा.
३. एखादा नियम लायकी तपासतो की माणूस, हे कसं ओळखाल? घरी आईवडिलांशी चर्चा करून दहा ओळी लिहा.

तिसरा प्रश्न पालकांनी मुलांबरोबर बसूनच सोडवावा. उत्तरं काय आली ते मला नक्की कळवा.