संत गोन्सालो गार्सिया व उपहासाचें स्तोत्र

झावळ्यांच्या रविवारीं आपण जें स्तोत्र गातों, तें स्तोत्रसंहितेंतील बाविसावें; जुन्या लॅटिन पोथ्यांत तें एकविसावें म्हणून छापलेलें आढळतें. या हिब्रू स्तोत्राच्या गायकाचें दुःख केवळ देहाचें नाहीं. लोक त्याच्या श्रद्धेलाच हंसतात. देवावर एवढा भरंवसा ठेवून शेवटीं हातीं काय आलें, असा त्यांचा रोख आहे. कालवारीवर मुख्य याजकांनीं आपल्या प्रभूला हाच टोमणा मारिला, असें संत मत्तय लिहितो. आणि प्रभूनेंही क्रूसावरून याच स्तोत्राचा आरंभ उच्चारिला. या उपहासाचा अर्थ ख्रिस्ती माणसानें काय घ्यावा, हें आपल्याच महाराष्ट्राच्या एका संताच्या चरित्रांत स्पष्ट दिसतें. म्हणून ज्युबिलीच्या या शुभप्रसंगीं आम्ही तें आपणांपुढें ठेवीत आहों.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारें १५५७ सालीं वसई येथें झाला. वसई तेव्हां पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. त्यांचे वडील पोर्तुगीज, व माता याच भूमीची. येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशीं त्यांचें शिक्षण झालें आणि कोवळ्या वयांतच ते त्यांच्याबरोबर जपानांत गेले. तेथील भाषा त्यांनीं उत्तम आत्मसात् केली व कित्येक वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. येशूसंघांत आपणांस प्रवेश मिळावा, ही त्यांची मोठी इच्छा होती. ती पुरी झाली नाहीं. मग त्यांनीं व्यापार धरिला व त्यांत त्यांचा चांगला जम बसला. परंतु मन तेथें रमेना. अखेर मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत ते साधे बंधु म्हणून दाखल झाले.

१५९३ सालीं फिलिपाइन्सच्या गव्हर्नरानें फादर पेद्रो बाउतिस्ता यांना वकील म्हणून जपानला धाडिलें. त्यांचे दुभाषी म्हणून बंधु गोन्सालो निघाले. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी यानें १५८७ सालींच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम केला होता. तरी या वकिलांना त्यानें राहूं दिलें. क्योतो नगरींत फ्रान्सिस्कनांनीं मंदिर बांधिलें आणि महारोग्यांची सेवा आरंभिली. परंतु १५९६ सालीं सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागलें, त्यावरून राजकारण पेटलें आणि हिदेयोशीचा रोष ख्रिस्ती लोकांवर वळला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत धरपकड झाली.

हिदेयोशीला केवळ त्यांचे प्राण नको होते. त्यांच्या श्रद्धेचें हंसें व्हावें, हाही त्याचा हेतु होता. म्हणून प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यांत आला, आणि गाड्यांत बसवून क्योतो, ओसाका व साकाइ या शहरांतून त्यांची धिंड काढण्यांत आली. मग भर हिंवाळ्यांत सुमारें महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यांत आलें. निघतांना ते चोवीस होते. वाटेंत दोघांची भर पडून सव्वीस झाले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा सामान्य प्रापंचिक होते. कांहीं तर बारा-चौदा वर्षांचीं मुलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर त्यांना क्रूसांवर बांधिलें आणि भाले खुपसून ठार केलें. मुलांनीं क्रूसावरून स्तोत्र गाइलें, अशी परंपरा आहे.

त्या दिवशीं कोणी देवदूत आला नाहीं, भाल्याचीं टोंकें बोथट झालीं नाहींत. हंसणाऱ्यांना आपणच खरे ठरलों असें वाटलें असावें. उपहासाची मागणी नेहमीं एकच असते: देव असेल तर त्यानें आत्तांच सोडवून दाखवावें. स्तोत्र या मागणीला चमत्कारानें उत्तर देत नाहीं. त्याचा पूर्वार्ध उघड गाऱ्हाणें आहे. उत्तरार्धांत तोच गायक आपल्या बांधवांच्या मेळ्यांत देवाची स्तुति करितो. आणि शेवटीं त्याची दृष्टि अद्याप न जन्मलेल्या पिढीकडे जाते. उत्तर त्या पिढीला मिळतें. हंसणारे तें पाहावयास उरत नाहींत.

नागासाकींत असेंच घडलें. १६१४ सालीं जपानांत ख्रिस्ती धर्मावर पूर्ण बंदी आली व पुढें धर्मगुरु उरले नाहींत. तरी १८६५ सालच्या मार्च महिन्यांत, याच सव्वीस रक्तसाक्षींच्या नांवानें नागासाकींत बांधिलेल्या ओउरा मंदिरांत उराकामीचे कांहीं गरीब शेतकरी आले, आणि आपण ख्रिस्ती असल्याचें त्यांनीं फादर पतीजां यांना हळूच सांगितलें. दोनशेंहून अधिक वर्षें त्यांच्या घराण्यांनीं श्रद्धा गुप्तपणें जपली होती. गोन्सालो व त्यांचे सोबती १६२७ सालीं धन्यवादित ठरले, आणि १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्यांना संतपद दिलें.

नांदेड-लातूरकडील आपल्या लहान वस्त्यांना हा उपहास अनोळखी नाहीं. धान्यासाठीं, दुधाच्या भुकटीसाठीं धर्म घेतला, हा टोमणा आपल्या वाडवडिलांनीं ऐकिला आहे. दुष्काळांत विहिरी आटतात, किंवा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झाला तसा भूकंप होऊन हजारों माणसें घरांखालीं गाडलीं जातात, तेव्हां देव कोठें आहे हा प्रश्न बाहेरून येतो, आणि आपल्या मनांतूनही उठतो. त्या वेळीं गाऱ्हाणें करण्यास लाजूं नये. स्तोत्रकारानें तें देवापाशींच केलें. मात्र उपहासाला उपहासानें उत्तर देऊं नये. हें स्तोत्र मूळ यहूदी लोकांचें, आणि त्यांच्या श्रद्धेला ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनींच अनेक शतकें हिणविलें, हें विसरतां येत नाहीं. नांदेडांत शीख बांधव हजूर साहिबाला भक्तिभावानें येतात. अशा नगरींत दुसऱ्याच्या श्रद्धेला हंसणें आपणांस मुळींच शोभत नाहीं.

ज्यांना लोक हंसले, त्यांच्याच नातवंडांनीं आज आपलें मंदिर भरतें. दर ६ फेब्रुवारीस ख्रिस्तसभा नागासाकीच्या रक्तसाक्षींचें स्मरण करिते. त्या दिवशीं प्रत्येक कुटुंबानें वसईच्या या संताचें नांव घ्यावें, आणि हें स्तोत्र पूर्वार्धावर न थांबतां शेवटपर्यंत वाचावें, अशी आमची विनंती आहे.