हकीम राझी आणि वाफेची विद्या

कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकतो तेव्हा उठणारा पांढरा धूर आपण पाहिला असेल. घनरूप नवसागर न वितळताच वायुरूप होतो आणि थंड जागी पुन्हा घन होऊन जमतो. अशा क्रियांची पद्धतशीर नोंद करणाऱ्यांत अबू बक्र मुहम्मद बिन झकरिया राझी अग्रणी होते.

हिजरी २५१, म्हणजे इ.स. ८६५ मध्ये इराणातील रै शहरी त्यांचा जन्म झाला. रै आणि बगदाद येथील रुग्णालयांचे ते प्रमुख होते. देवी व गोवर हे आजार वेगळे कसे ओळखावेत, यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. ‘किताबुल असरार’मध्ये भट्ट्या, पात्रे आणि ऊर्ध्वपातनाची रीत त्यांनी सांगितली. द्रव तापवला की वाफ होते. ती थंड केली की पुन्हा द्रव होऊन वेगळ्या पात्रात उतरते. पारा, गंधक, नवसागर या उडून जाणाऱ्या पदार्थांचा त्यांनी स्वतंत्र वर्ग केला. हलक्या धातूचे सोने करण्याचा त्या काळचा ध्यास फोल ठरला. कृती मात्र उपयोगी ठरल्या. उतारवयात राझींची दृष्टी गेली. इ.स. ९२५च्या सुमारास ते निवर्तले.

याच रीतीने गुलाबजल निघते आणि गडचिरोलीच्या जंगलात आंबवलेल्या मोहफुलांची दारूही. दारूने संसार उद्ध्वस्त होऊ लागले, तेव्हा लोकांनी चळवळ केली. १९९३पासून त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. वाळवलेले मोहफूल मात्र आजही अन्न आहे. वाफेचा नियम अल्लाहचा, तो सर्वत्र एकच. त्यातून काय गाळावे, याचा हिशेब माणसालाच द्यावयाचा आहे.